एका हाकेचं भाषांतर

दामूकाका माणूस म्हणून चांगले, पण शेजारी म्हणून डोक्याला ताप. सतरा वर्षं भिवंडी कोर्टाबाहेर एका पत्र्याखाली आम्ही टेबलाला टेबल लावून बसलो, तेव्हा हे म्हणायचा हक्क मला आहे. माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आणि प्रिंटर. त्यांच्या टेबलावर कणा सुटलेली डिक्शनरी, चष्म्याचं घर आणि एक पाटी: मराठी, हिंदी, उर्दूचे इंग्रजी भाषांतर करून मिळेल. ते पेन्सिलीने लिहायचे, मला वाचून दाखवायचे आणि मी टाईप करायची. माझ्यापुढे चार माणसं भाडेकरार घेऊन ताटकळत असायची आणि हे एका शब्दासाठी मला अडवून ठेवायचे. “वैशाली, थांब जरा, तो शब्द खोड.” दिवसातून दहा वेळा.

शब्दही नेहमी एकाच जातीचा, रडण्याचा नाहीतर ओरडण्याचा. कोर्टाची पायरी चढणारा माणूस दुसरं सांगणार काय? कोणीतरी रडलं, कोणीतरी ओरडलं, ते ऐकून कोणी आलं किंवा नाही आलं. वकील मंडळी या सगळ्याला ‘क्राय’ लिहून मोकळी होत. काकांना त्याचा भारी राग. ते म्हणायचे, इंग्रजाने जिथे कंजूषपणा केला नाही तिथे आपण कशाला करायचा? हुंदका असेल तर सॉब लिहा, मुसमुसणं असेल तर व्हिंपर, भोकाड पसरलं तर बॉल, कण्हत असेल तर मोन, किंचाळली तर श्रीक. ‘क्राय’ हा शब्द त्यांना वशिल्याने लागलेल्या कारकुनासारखा वाटायचा. सगळ्या फायलींवर सही त्याची, काम एकाचंही नाही.

मग ते पक्षकाराला विचारत, रडलात म्हणजे कसे रडलात, करून दाखवा. एकदा एका जाडजूड कापडव्यापाऱ्याने पोटातल्या लाथेनंतर आपण कसे कण्हलो ते इतकं मनापासून करून दाखवलं, की गेटवरचा हवालदार धावत आला. मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं होतं. काकांनी मात्र शांतपणे वहीत लिहिलं, ‘ग्रोन. मोन नव्हे. मोनमध्ये राग नसतो.’

ही वही ते कोणाला देत नसत. प्रत्येक शब्दापुढे त्यांनी माणसाचं नाव घातलं होतं, म्हणजे हा शब्द मी कोणाकडून शिकलो ते. ‘बॉल’पुढे मुलाच्या ताब्यावरून चाललेल्या भांडणातलं एक तीन वर्षांचं पोर होतं. ‘वेल’ म्हणजे आक्रोश, त्यापुढे गणेशपुरीकडची एक विधवा होती. तिच्यासाठी तो शब्द वापरताना त्यांनी दोन दिवस घातले होते. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजीतली बाई वेल करते तेव्हा नुसता आवाज काढते. आपली बाई हेल काढते तेव्हा त्यात मेलेल्याची सगळी कहाणी असते, तो काय खायचा, कोणत्या वाटेने यायचा, जाताना काय म्हणाला. ते सगळं शब्दाबाहेर सांडतं, त्याचं काय करायचं, असं ते मला विचारत. मी म्हणायची, काका, एक पान झालं, दुसरं द्या.

हा माणूस शिकला कुठे म्हणाल, तर लूमवर. टेमघरला जन्म. बाप पॉवरलूम चालवायचा, काका सोळाव्या वर्षी त्याच्या शेजारच्या लूमवर उभे राहिले. लूमच्या खटखटाटात बोललेलं ऐकू येत नाही. कामगार हातवारे करतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघून समजून घेतात. ओरडणारा रागाने ओरडतोय, घाबरून ओरडतोय की धाग्यात बोट सापडलंय म्हणून, हे काकांनी आवाज न ऐकता ओळखायला शिकून घेतलं. डावा कान त्याच पाच-सहा वर्षांत गेला. मग नाईट स्कूल, बारावी, एका वकिलाकडे मुन्शी आणि शेवटी आमचा पत्रा. त्यांच्या वस्तीत त्यांना मास्तर म्हणत, कारण दर रविवारी विहारात पोरांना इंग्रजी शिकवत. देवाधर्माचं, भुताखेताचं नाव काढलं की चिडायचे. बाबासाहेबांनी आम्हाला त्यातून बाहेर काढलं, परत कशाला शिरायचं, एवढं एकच उत्तर.

असा शब्दाशब्दाचा कीस पाडणारा माणूस. म्हणूनच त्यांनी रंगूबाईच्या बाबतीत जे केलं ते मला अजून गिळता येत नाही. आणि त्यात माझाही हात आहे, कारण टाईप मी केलं.

रंगूबाई दापोड्याची. आता तिथे गोडाऊनशिवाय दुसरं काही दिसत नाही, पण तिच्या सासऱ्याची भाताची खाचरं तिथेच होती. तिचा थोरला मुलगा सागर अशाच एका गोडाऊनमध्ये माल चढवण्या-उतरवण्याच्या ड्युटीवर होता. मालकाने आत लोखंडी माळा घालून घेतला होता आणि त्यावर झेपणार नाही इतका माल रचला होता. एके दिवशी संध्याकाळी साडेपाचला तो माळा खाली आला. चौघं पळाले, सागर राहिला. गाव गोळा झालं, पण खाली कोणी जिवंत नाही, आवाज येत नाही, असं मालकाच्या माणसांनी सांगितलं आणि आधी पुढचा चांगला माल बाहेर काढून घेतला. मागचा ढिगारा उपसायला दुसरा दिवस उजाडला. सागर दुपारी सापडला. डॉक्टरच्या कागदावर होतं, की माळा पडल्यावर तीन-चार तास तरी तो जिवंत असावा.

नुकसानीचा दावा लागला. सगळा दावा एका गोष्टीवर उभा होता: आतून आवाज आला होता की नाही. आला असेल तर मालकाने जिवंत माणूस मरू दिला. नसेल तर तो अपघात. आवाज ऐकलेलं माणूस एकच, ते म्हणजे रंगूबाई. दावा दीपेश वकिलांकडे होता. त्यांनी तिचं साक्षीचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून घ्यायला आमच्याकडे पाठवलं.

ती आली तेव्हा अकरा वाजले असतील. नऊवारी, पायात रबरी चपला, साठीची बाई. स्टुलावर बसली आणि काकांनी विचारायच्या आधीच म्हणाली, घरचे मला भास झाला म्हणतात, तुम्ही तसं लिहू नका. मग तिने सांगितलं. मी टाईप करायचं थांबवून ऐकत होते.

“मी गोडाऊनच्या मागल्या भिताडाशी उभी व्हते. त्यांचा जनरेटर बंद झाला आनं समदं गप झालं. तवा आवाज आला, ‘आये’. येकदाच. सागरचाच आवाज, मास्तर, मना वळखू येनार न्हाय काय? पन तिन्हीसांज व्हती. आमच्यात तिन्हीसांजेच्या येका हाकेला ओ देत न्हाय. माणूस आसल त परत हाक मारील. ज्ये माणूस न्हाय त्ये येकदाच मारतं. मी तोंडावं पदर धरला आनं दुसऱ्या हाकेची वाट बघत राह्यले.”

काकांनी विचारलं, मग?

“जनरेटर परत चालू झाला. दुसरी आली न्हाय.”

दुसऱ्या दिवशी सागर सापडला तो त्याच भिंतीच्या आत, ती जिथे उभी होती तिथून चार हातांवर. तिने ओ दिली असती तर माणसांनी ते भिताड फोडलं असतं. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती काकांना म्हणाली, दोन्ही लिहा. त्याने हाक मारली ते आणि मी ओ दिली नाही ते. मालकाचं काय व्हायचं ते होवो, माझं पण कागदावर येऊ दे.

ती गेल्यावर काकांनी मसुद्याचा कागद पुढे ओढला. एरवी ते असल्या समजुतींवर तोंडसुख घेत. त्या दिवशी फक्त म्हणाले, “भूत नसतंच, गं. ती सागरला घाबरली नाही. जे नाही त्याला घाबरली.” मी पाणी प्यायला उठले.

दीपेश वकील वाईट माणूस नाहीत, घाईचे माणूस आहेत. त्यांनी काकांचा पेन्सिलीचा मसुदा उभ्याउभ्या वाचला आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, एक हाक म्हणजे भास, हे समोरचा वकील दोन मिनिटांत सिद्ध करील. आणि भुताला घाबरून आईने ओ दिली नाही, हे इंग्रजीत वाचून कोर्ट हसेल. मालक सुटेल आणि ही बाई भिवंडीभर ‘ओ न देणारी’ म्हणून फिरेल. तुम्हाला ते हवंय का? जाता जाता म्हणाले, तुमच्याकडे ओरडण्याचे एवढे शब्द पडलेत, त्यातला एखादा सणसणीत घाला.

काकांनी दोन दिवस तो कागद धरून ठेवला. तिसऱ्या दिवशी मला सांगायला लागले आणि मी टाईप करू लागले. माळ्याखालून तासभर मदतीसाठी किंकाळ्या ऐकू येत होत्या. स्क्रीम्स, अनेकवचनी. इथवर वकिलाचं होतं. मग त्यांनी एक वाक्य स्वतःच्या मनाने घातलं: मी प्रत्येक किंकाळीला मोठ्याने ओरडून उत्तर देत होते. मी बोटं थांबवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते डिक्शनरीकडे बघत होते. म्हणाले, आई गप्प राहिली असं सरकारी कागदावर यायला नको, वैशाली. ते मी नाही लिहिणार. मला ते पटलं. खरं सांगते, तेव्हा मला पटलं. सतरा वर्षं एका अक्षरासाठी अडणारा माणूस एका आईसाठी खोटं लिहितोय याचं मला कौतुकच वाटलं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. इंग्रजी प्रतिज्ञापत्र सही करणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं आणि तसं खाली लिहावं लागतं: मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला, बरोबर असल्याचे मान्य केले. बहुतेक जण ही ओळ न वाचताच छापतात. काका मात्र कधीच वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेत नसत. त्या दिवशी रंगूबाई समोर बसली आणि त्यांनी इंग्रजी कागद हातात धरून तिला वाचून दाखवलं. “मुलाने एकदा हाक मारली. तिन्हीसांज होती. मी ओ दिली नाही.” कागदावर यातलं अक्षरही नव्हतं. ते न अडखळता वाचत होते आणि ती मान हलवत होती. वाचून झाल्यावर तिने हात जोडले, म्हणाली, बरोबर हाय. मग शाईच्या पॅडवर अंगठा दाबून कागदावर उठवला. मी शेजारी बसून प्रिंटरमध्ये कागद भरत होते. मी तोंड उघडलं नाही.

उलटतपासणी पुढच्या वर्षी झाली. काकांना वाटलं होतं, अडाणी बाई आहे, समोरचा वकील फार ताणणार नाही. मी आणि ते कोर्टरूमच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. मालकाचा वकील वयस्कर होता, आवाज न चढवता बोलणारा. त्याने प्रतिज्ञापत्रातलं वाक्य काढलं आणि मराठीत विचारलं, तुमचा मुलगा तासभर किंचाळत होता का? रंगूबाई म्हणाली, नाही, एकच हाक मारली. त्याने विचारलं, आणि तुम्ही ओरडून उत्तर देत होता? ती त्याच्याकडे बघतच राहिली. तिला ऐकू आलं नाही असं वाटून त्याने परत विचारलं.

“मी ओ दिली न्हाय,” ती म्हणाली. “त्येच त सांगितलंय मी.”

मग जे व्हायचं ते झालं. तुमच्या अंगठ्याखाली लिहिलंय ते खोटं आहे तर. किंकाळ्या नव्हत्या. उत्तर नव्हतं. मग एक हाक होती हे तरी कशावरून? ती म्हणत राहिली, होती, होती. पण आता तिच्या त्या म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. जजसाहेबांनी स्टेनोला सांगून टिपून घेतलं, की साक्षीदार स्वतःच्याच लेखी म्हणण्याच्या उलट बोलते. दीपेश वकील फाईल बंद करून खाली मान घालून बसले.

बाहेर आल्यावर ती पत्र्याखाली आमच्या टेबलाशी आली. काका उभे राहिले. मला वाटलं शिव्या देईल, आणि द्याव्यात असं वाटत होतं. तिने कागदावर काय होतं ते विचारलं. काकांनी सांगितलं, सगळं, आपण घातलेल्या वाक्यासकट. तिने नीट ऐकून घेतलं.

“त्याची येकच हाक व्हती, मास्तर,” ती म्हणाली. “तुमी तिच्या धा केल्या. आता येकबी न्हाय राह्यली.” मग जरा थांबून म्हणाली, “आनं माजी ओ तुमी कशाला दिली?”

ती गेली. काकांना खाली बसायचं सुचलं नाही. ते उजवा कान तिच्या दिशेला करून तसेच उभे होते.

त्यानंतरचे महिने मला आठवायला आवडत नाहीत. काका कामाला येत, पण शब्दासाठी अडणं बंद झालं. मी ‘क्राय’ टाईप केलं तरी चालायचं. मला ते बघवेना. मी मुद्दाम चुकीचे शब्द घालून बघायची, तेही ते तसेच सोडून द्यायचे. भिवंडीत खटखट कधी थांबत नाही, पण लाईट गेली की सगळे लूम एकदम बंद पडतात आणि शहर गप्प होतं. नवख्या माणसाला ते बरं वाटतं. काका मात्र तेवढ्यापुरते उठून पत्र्याच्या कडेला जात आणि मान तिरकी करून उभे राहत. लाईट आली, लूम सुरू झाले की परत येऊन बसत. मी एकदा विचारलं, काय ऐकता? म्हणाले, काही नाही, दुसरी येते का बघतो.

मग एक दिवस द्रौपदीकाकू, त्यांची बायको, डबा द्यायच्या निमित्ताने माझ्याकडे आली. घरात हे मधेच ‘ओ’ म्हणतात, असं तिने सांगितलं. जेवताना, पेपर वाचताना, न्हाणीघरातून. कोणी हाक मारलेली नसते. तिने विचारलं, कोणाला ओ देता? तर म्हणाले, कोणी मारली असली आणि मला ऐकू आली नसली तर. काकू रडत नव्हती, भ्यायली होती. म्हणाली, आमच्यात हे असलं काही मानत नाहीत गं, पण मला रात्री त्यांच्या शेजारी झोपायला नको वाटतं. मलाही त्या वर्षी एक खोड लागली होती. बाजारात कोणी ‘वैशाली’ म्हणून कोणालाही हाक मारली, तरी मी आधी ओ देऊन टाकायची आणि मग वळून बघायची.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी काका लवकर आले, माझं टेबल स्वतः पुसलं आणि म्हणाले, एक प्रतिज्ञापत्र करायचंय, करणारा मी आहे. तीस वर्षं दुसऱ्यांचं ‘मी’ लिहिणाऱ्या माणसाने पहिल्यांदा स्वतःचं ‘मी’ लिहिलं. भाषांतर मी केलं, साक्षीदाराने सांगितलं ते एक आणि मी लिहिलं ते दुसरं, वाचून दाखवलं ते तिसरंच. तिचा अंगठा मी फसवून घेतला. तिने मला सांगितलं होतं ते पुढीलप्रमाणे. असा तो कागद होता.

दीपेश वकिलांना कुणकुण लागली तेव्हा ते धावत आले. त्यांनी समजावलं, मग दम दिला. तुमच्यावर खोट्या दाखल्याची केस होईल, पत्र्याखालून उठावं लागेल, कोणी वकील तुमच्याकडे चिटोरंसुद्धा पाठवणार नाही. यातलं एकही खोटं नव्हतं. काकांनी ऐकून घेतलं आणि परत कागदाकडे वळले. मला वाटतं गेल्या वर्षभरात त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्यावर खेकसले. मी ‘क्राईड’ टाईप केलं होतं. “कॉल्ड लिही. कॉल्ड, आणि पुढे वन्स. तो रडला नाही, ओरडला नाही, त्याने आईला हाक मारली.” त्या खेकसण्याने मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

पुढच्या ओळीवर गाडी चार दिवस अडली. ‘ओ’ला इंग्रजी शब्द सापडेना. आन्सर प्रश्नाला असतं, रिप्लाय पत्राला असतो, रिस्पॉन्स सरकारला असतो. काकांनी डिक्शनरी पालथी घातली. हाक मारायला इंग्रजाकडे पंधरा शब्द, आणि ती ऐकल्यावर जे म्हणायचं त्याला एकही नाही, असं ते पुटपुटत होते. शेवटी इंग्रजी ओळीच्या मधोमध त्यांनी देवनागरीत ‘ओ’ घालायला लावला. मी फॉन्ट बदलून तेवढं एक अक्षर टाईप केलं. फाईल करून घेणारा कारकून म्हणाला, हे काय, हे चालत नाही. काका म्हणाले, चालत नसेल तर साहेबांनी मला तसं विचारावं, मी सांगतो. तिन्हीसांजेची ती समजूत त्यांनी पूर्ण लिहिली होती. कोणी हसावं असं एक अक्षर त्यात नव्हतं. शेवटी टाईप करणारी म्हणून मी माझं नाव आणि सही घातली. तसं करायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

कागद रेकॉर्डवर आला. दावा अजून चालू आहे, त्याचा निकाल कधी लागेल आणि काय लागेल ते मला माहीत नाही. दीपेश वकिलांनी वकीलपत्र सोडलं. काकांना नोटीस आली, तिचं काय व्हायचं ते पुढे होईल. महिन्याभरात त्यांचं काम बंद झालं आणि एका शनिवारी त्यांनी पाटी उतरवून पिशवीत घातली. जाताना मला म्हणाले, आज दापोड्याला येतेस का? वाचून दाखवायचं राहिलंय. मी म्हटलं, तो कागद तुमचा आहे, तिचा नाही, तिला वाचून दाखवायचा कायदा नाही. ते म्हणाले, कायदा मला माहीत आहे.

आम्ही रिक्षाने गेलो. दुपारचे साडेतीन झाले असतील. दोन्ही बाजूंना गोडाऊन, मधे ट्रकांची रांग, आणि रांगेच्या मागे तिचं घर. रंगूबाई पडवीत भिजवलेले वाल सोलत बसली होती. नवरा, लडकू, खाटेवर होता. आम्हाला बघून तो उठून बसला. तिने आम्हाला बसायला सांगितलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही. काका अंगणात उभे राहिले, चष्मा लावला, आणि कोर्टात वाचतात तसं एका सुरात मराठीतून वाचायला लागले. आपलं नाव, वय, राहणार टेमघर. आपण काय लिहायला हवं होतं आणि काय लिहिलं. ती वाल सोलत होती. ती ऐकते आहे की नाही ते कळत नव्हतं.

मग ती ओळ आली. काकांनी आवाज चढवला नाही की उतरवला नाही. “जनरेटर बंद झाला तेव्हा आतून माझ्या मुलाने एकदा हाक मारली. आये.”

“ओ,” रंगूबाई म्हणाली.

ती काकांकडे बघत नव्हती. तिने मान वर केली, हातातले वाल खाली सोडले आणि शेताच्या पलीकडच्या माणसाला देतात तशी लांब, मोठ्या आवाजात ओ दिली. शेजारच्या दारांतून दोघी-तिघी बाहेर आल्या. लडकूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दुसऱ्या हाकेची वाट तिने पाहिली नव्हती.

काका थांबले. पुढची ओळ ‘मी ओ दिली नाही’ अशी होती. ती मीच टाईप केली होती, म्हणून मला माहीत होतं. त्यांनी कागद घडी करायला घेतला. मला वाटलं बरं झालं, ते राहू दे, आता ते कशाला.

रंगूबाईने पदराने तोंड पुसलं. “वाचा, मास्तर,” ती म्हणाली. “फुडचं बी खरंच हाय.”

काकांनी कागद उलगडला आणि ती ओळ वाचली.